दोन दारं की चार? एम२ बरोबरचे आठ महिने

गाडी ताब्यात घेतली तेव्हा ओडोमीटरवर १४ किलोमीटर होते, आज सकाळी ११,६०० झाले. एवढ्या दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘किती पळते?’ हा नाही, ‘मागे कोण बसतं?’ हा आहे. विचारणारा हसत असतो. पहिले दोन महिने मीही हसायचो.

माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. एक कोरी बीएमडब्ल्यू एम२, दोन दारांची कूपे, जी८७ पिढीतली: तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ४६० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ताकद फक्त मागच्या चाकांना आणि सहा गिअरचा मॅन्युअल. दुसरी, साधारण तेवढ्याच पैशांत वापरलेली एम५, चार दारांची, एफ९० पिढीतली: ४.४ लिटरचा आठ सिलिंडरचा व्ही८, ६०० पीएस, चारही चाकांना ताकद आणि मागे मोठ्या माणसांना पाय पसरून बसता येईल एवढी जागा. कागदावर बघितलं तर सामनाच नाही. शून्य ते शंभर एम५ ३.४ सेकंदांत जाते, मॅन्युअल एम२ ४.३ सेकंदांत. महिनाभर रोज रात्री मी हेच आकडे बघायचो आणि रोज सकाळी मत बदलायचो. शेवटी एम२ घेतली. (त्यानंतर ४८० पीएसवाली आली. तो सल अजून आहे, पण तो विषय वेगळा.)

पुढे चार महिन्यांनी माझ्या दादानं एक एम५ घेतली. मी बघून सोडलेली नव्हे, पण तशीच. मागच्या महिन्यात आम्ही तीन आठवडे गाड्यांची अदलाबदल केली, म्हणून हे लिहायचा अधिकार आला असं समजतो.

आधी एक गैरसमज. कूपे म्हणजे छोटी, हलकी, कुठेही शिरणारी गाडी, असं मी धरून चाललो होतो. मॅन्युअल एम२चं वजन १,७०० किलो आहे, एफ९० एम५चं १,८५५. फरक १५५ किलोंचा, म्हणजे दोन धडधाकट माणसांचा. २०१६ साली आलेली पहिली एम२ १,५०० किलोंच्या आत होती. रुंदीचं तर विचारूच नका. एम२ १,८८७ मिलिमीटर, एम५ १,९०३. सोळा मिलिमीटर! बोटभर फरक. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की दोन्ही गाड्यांत सारखाच घाम फुटतो.

लांबीत मात्र खरा फरक पडतो. एम२ जवळपास ३८५ मिलिमीटरनी आखूड, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३५ मिलिमीटरनी कमी. हा आकडा मी आधी वाचून सोडून दिला होता, पण चालवताना सगळ्यात जास्त जाणवतो तो हाच. घाटाच्या वळणावर एम२ तुमच्या कमरेभोवती फिरते. मागची चाकं अगदी पाठीमागे आहेत, त्यांना काय वाटतंय ते सीटमधून थेट कळतं. एम५मध्ये आधी नाक वळतं, मग मागचा भाग येतो. येतो नीट, शिस्तीत, पण तो तुमच्यापासून लांब आहे हे कळत राहतं.

आता गिअरबद्दल, कारण निर्णय तिथेच झाला. एम२मध्ये गिअर खाली टाकला की संगणक स्वतः इंजिनाचे फेरे वाढवून जुळवून घेतो, सेटिंगमध्ये जाऊन ते बंदही करता येतं. ते काम स्वतःच्या पायानं करायचं म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात बंद केलं आणि पुढचे दोन महिने दर सिग्नलला गाडीला हिसके देत राहिलो. शेजारी बसलेली बायको एकदा शांतपणे म्हणाली, ‘हे तू मुद्दाम करतोयस की येतच नाहीये?’ येत नव्हतं. ब्रेकवर पंजा, त्याच पायाची कड ऍक्सिलरेटरवर, डावा पाय क्लचवर. हे सगळं एका श्वासात बसायला लागलं तेव्हा गाडी घेऊन तिसरा महिना संपत आला होता. ज्या दिवशी तिसऱ्यातून दुसऱ्यात गाडी अजिबात न हलता गेली त्या दिवशी ताशी फार तर पन्नासचा वेग असेल. आनंद मात्र असा झाला की मी तेच वळण परत घेण्यासाठी मागे फिरलो.

एम५मध्ये हे नाही. आठ गिअरचा ऑटोमॅटिक इतका हुशार आहे की त्याच्या कामात लक्ष घालावंसं वाटत नाही. साठच्या वेगात ती झोपलेली असते. पाय दाबा, आतून एक जाड घुमणारा आवाज येतो, मान मागे टेकते, आणि काय झालं ते कळायच्या आत पाय काढावा लागतो, कारण समोर बाकीचे लोक आहेत. पहिले चार दिवस मी वेडा झालो होतो. पाचव्या दिवसापासून मी ती मोठ्या आरामदायी गाडीसारखी चालवू लागलो, आणि खरं सांगायचं तर ती तशीच फार छान चालते. फक्त मागच्या चाकांवर चालवायचा पर्यायही तिच्यात आहे, पण तो घ्यायचा तर घसरण रोखणारी यंत्रणा पूर्ण बंद करावी लागते. ६०० घोडे आणि ७५० न्यूटन मीटर टॉर्क मागच्या दोन टायरांवर, आणि खाली कुठलंही जाळं नाही. दादानं विचारलं, ‘करून बघू का?’ म्हटलं, ‘दादा, गाडी तुझी आहे, पण मी खाली उतरून बघतो.’ तो विषय तिथेच संपला.

गर्दीत चित्र उलटं होतं. एम२चा क्लच जड नाही, पण चाळीस मिनिटं पाऊल-पाऊल पुढे सरकायचं म्हटलं की डावा गुडघा बोलायला लागतो. मला सांध्यांचा त्रास नाही, तरी. ज्यांना आहे त्यांनी मॅन्युअलचा हट्ट धरू नये, ऑटोमॅटिक एम२ मिळते आणि ती जरा वेगवानही आहे.

पेट्रोलचं थोडक्यात: माझ्या हातात एम२ लिटरला गावात साडेसहा-सात किलोमीटर, हायवेवर अकरापर्यंत जाते. एम५ गावात पाचाच्या आसपास. पण एम२ची टाकी ५२ लिटरची आणि एम५ची ६८ची, त्यामुळे लांबच्या प्रवासात दोघी जवळजवळ सारख्याच अंतरावर पंप शोधतात.

टायरचं मात्र सविस्तर सांगतो, कारण शिकण्याची फी मी भरली आहे. एम२च्या मागच्या चाकाला २८५/३० आर२० टायर येतो. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत किती? २८५ मिलिमीटर ही टायरची रुंदी, तिचे ३० टक्के, म्हणजे साडेपंचाऐंशी मिलिमीटर (आर२० म्हणजे २० इंची चाक). पाचव्या महिन्यात, रात्री, पावसात, पाणी भरलेला एक खड्डा मला डबकं वाटला. धाडकन आवाज झाला, गाडी सरळ चालत राहिली म्हणून मीही चालत राहिलो. सकाळी बघतो तर डाव्या मागच्या टायरच्या कुशीत सुपारीएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो, आणि तो कधीही फुटू शकतो. गाडीत स्टेपनी नाही. पंप आणि भोक बुजवायच्या द्रवाची बाटली आहे, तिचा अशा जखमेला काडीचा उपयोग नाही. गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागली, त्या मापाचा टायर यायला नऊ दिवस लागले, आणि दुसऱ्या बाजूचा निम्मा झिजला होता म्हणून दोन्ही बदलले. त्यातून पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे, त्यामुळे पुढचे मागे टाकून आयुष्य वाढवायची सोयही नाही. दादाच्या एम५ला १९ इंची चाकं आहेत, मागे २८५/४०. तिथे ती भिंत ११४ मिलिमीटरची भरते. तोच खड्डा तिनं कदाचित गिळला असता. कूपे घेताय आणि रस्ते वाईट आहेत, तर छोट्या चाकांचा पर्याय मिळतो का ते आधी विचारा, रंग नंतर ठरवा.

सस्पेन्शनचं एक काम मात्र जरूर करा. स्टिअरिंगवर ‘एम१’ आणि ‘एम२’ (हे गाडीचं नाव नव्हे) अशी दोन लाल बटणं आहेत, त्यांत आपापली मांडणी साठवता येते. माझ्या एम१ बटणावर इंजिन तिखट, सस्पेन्शन मऊ, स्टिअरिंग हलकं. आठ महिन्यांत नव्वद टक्के वेळ हेच वापरलंय. सगळंच कडक करून गाडी चालवणं हे मित्राला दाखवण्यापुरतं ठीक.

आणि आता ते दार. कूपेचं दार चारदारी गाडीच्या दारापेक्षा चांगलंच लांब असतं, कारण त्याच दारातून मागच्यांनाही जायचं असतं. दोन गाड्यांच्या मधे जागा मिळाली की एम५चं दार जेवढं उघडून मी सहज उतरतो, तेवढ्यात एम२मधून माझा एक पाय बाहेर येतो. मग मी पाय आत घेतो, गाडी बाहेर काढतो आणि लांबची कोपऱ्यातली जागा शोधतो. रोज. घेण्याआधी अर्धा तास चालवून बघितली तेव्हा ती शोरूमच्या मोकळ्या अंगणात उभी होती, तिथे हे कळणं शक्यच नव्हतं.

आई पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली तेव्हा आधी बेल्ट सापडेना. तो खांद्याच्या पार मागे असतो, कंबर वळवून हात मागे न्यावा लागतो. तो मी काढून दिला. उतरताना तिनं दाराची कड धरली, दोनदा जोर लावला आणि परत खाली बसली. ‘अरे, ही गाडी आहे की विहीर? उतरायला सोपी, वर यायला कोणीतरी दोर टाकावा लागतो.’ मी हात दिला. त्यानंतर ती ‘चल, फिरून येऊ’ म्हटलं की काहीतरी काम काढते. नाराज नाही, पण येत नाही.

अदलाबदलीच्या तीन आठवड्यांत ती एम५मधून सात-आठ वेळा आली, मागच्या सीटवर बसून, खिडकी थोडी खाली करून. दादाकडून किल्ली परत घ्यायला गेलो तर तो म्हणाला, ‘तुझ्या गाडीत मी रोज ऑफिसला लांबच्या रस्त्यानं गेलो.’ वहिनी मागून म्हणाली, ‘आणि पोरं रोज रिक्षानं.’

एम२ मी विकणार नाही. आज परत निवडायला सांगितलं तरी तीच घेईन, फक्त २० इंची चाकांवर नाही. पण शनिवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, म्हणून दादाला कालच मेसेज टाकलाय: किल्ली तयार ठेव, माझी घेऊन येतो, टाकी भरलेली आहे.