बिलस्टाइन बी16: रोजच्या वापरासाठी आणि ट्रॅकसाठी एकच सस्पेन्शन

रोज कामावर न्यायची स्पोर्ट्स कार अधूनमधून ट्रॅकवरही उतरवायची असेल, तर बहुतेक जण गाडी किती खाली बसेल हे आधी विचारतात. माझ्या मते खरा प्रश्न डॅम्परचा, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरचा आहे आणि बिलस्टाइन कंपनीचा बी16 कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-डॅम्परचा जोड) मला याच कारणासाठी पसंत आहे. त्याच्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) डॅम्परमध्ये तेल आणि उच्च दाबाचा वायू तरंगत्या पिस्टनने वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे सलग लॅप्समध्ये तेल तापले तरी त्याला सहजासहजी फेस येत नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावरही गाडीचे वागणे भरवशाचे राहते. दहा टप्प्यांची एकच कळ बम्प (डॅम्पर दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड (तो परत उघडतानाचा विरोध) एकत्र बदलते. दोन्ही स्वतंत्रपणे जुळवू पाहणाऱ्यांना ती अपुरी वाटेल, पण रस्ता आणि ट्रॅक यांत ये-जा करणाऱ्यांना ती मोठीच सोय आहे.

उंचीच्या बाबतीत मात्र संयम हवा. मॅकफर्सन स्ट्रटची (चाकाचा आधार आणि डॅम्पर एकाच खांबात असलेल्या रचनेची) गाडी फार खाली आणली, की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते) गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली सरकतो, गाडी अधिक कलू पाहते आणि स्प्रिंग कडक असूनही वळणावर अपेक्षित फायदा मिळत नाही. शिवाय साध्या खड्ड्यातही डॅम्पर बम्प स्टॉपवर (हालचालीच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो. उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावेच, आणि पुढच्या चाकांना थोडा अधिक निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कोन) दिल्यास ट्रॅकवर टायरची बाहेरची कड वाचते.

केवळ दिसण्यासाठी गाडी खाली आणायची असेल, तर लोअरिंग स्प्रिंग पुरेत. ब्रेक पॅड आणि टायर अजून मूळचेच असतील, तर आधी ते बदलावेत.