आधी बेअर ॲक्ट की आधी गाईड?

जळगाव-धुळ्याकडचा एलएलबीचा नवा विद्यार्थी दुकानात आधी गाईडच मागतो. साहजिक आहे. मराठीत असतं, प्रश्नोत्तरं तयार असतात, परीक्षेच्या आदल्या रात्री तेच हाताशी येतं. बेअर ॲक्ट म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, त्यात नुसती कलमं. दुसऱ्या पानावर डुलकी लागते.

पण रावेरच्या १७ वर्षांच्या मुलाने घरी न विचारता व्यापाऱ्याशी केळीचा सौदा केला, तर तो टिकेल का? गाईड एका ओळीत सांगतं: अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालच्याचा, करार शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखाच. उत्तर बरोबर, पण आलं कुठून? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ उघडा. तिथे ‘शून्य’ हा शब्दच नाही. करार करायला सक्षम कोण, एवढंच आहे. ते कलम १० शी जोडून वाचावं लागतं, कारण करार सक्षम माणसांनीच केलेला हवा, हे तिथे आहे. असा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनचं सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरवलं. कलम कुठे थांबतं आणि निवाडा कुठून सुरू होतो, हे गाईडवरून कळत नाही. उत्तर लिहिताना खरी गोम तिथेच असते.

सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेलं गाईड तर नकोच, भाऊ. त्यात खुनाच्या शिक्षेला अजून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं.

म्हणून माझं मत बेअर ॲक्टला. इंग्रजी जड जात असेल तर द्विभाषी आवृत्ती घ्या, आणि जिथे ‘परंतु’ दिसेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा.