व्हेरिकोज व्हेन्स: शीर काढून टाकावी की आतूनच बंद करावी?

व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायांतल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा. त्यासाठी माझ्या दोन पायांवर दोन वेगळे इलाज झालेत. डाव्या पायाची शीर जुन्या पद्धतीने, म्हणजे स्ट्रिपिंग करून काढली. उजव्या पायाची काही वर्षांनी रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे आतून तापवून, बंद केली. दुखणं दोन्हीकडे एकच: जांघेत शिरेची झडप निकामी, संध्याकाळी पोटरी जड, रात्री गोळे. काम दुकानात उभं राहायचं.

स्ट्रिपिंग वाईट असं मी म्हणणार नाही. फुगलेल्या शिरा गेल्या, पाय हलका झाला. लेसर, फोम (शिरेत फेसाळ औषध टोचणं) आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यातही फोमपेक्षा लेसर आणि शस्त्रक्रियाच सरस ठरल्या. पाठीतली भूल, जांघेतले टाके, मांडीवरचं काळंनिळं हे सगळं माणूस विसरतो.

राहिला तो घोट्याच्या आतल्या बाजूचा बधिरपणा. गुडघ्याखाली त्या शिरेला चिकटूनच त्वचेची संवेदना नेणारी नस जाते आणि शीर ओढताना ती दुखावू शकते. माझी दुखावली. आजही डाव्या पायाला चप्पल चावली तर कळत नाही; संध्याकाळी पट्ट्याला रक्त दिसतं तेव्हा कळतं. उजव्या पायाचा निर्णय मी एवढ्यावरच घेतला.

रेडिओफ्रिक्वेन्सीत शिरेत घातलेल्या तारेचं टोक 120 अंशांपर्यंत तापतं आणि साधारण सात सेंटिमीटरचा एकेक भाग 20 सेकंदांत बंद होतो. त्याआधी शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात. त्या सुया मांडीभर टोचतात, तेवढाच खरा त्रास. त्याच संध्याकाळी मी घरी चालत होतो. पुढे काही दिवस मांडीत दोरी ताणल्यासारखं वाटलं, मग गेलं. पायावर दाब देणारे घट्ट मोजे मात्र दोन्ही वेळा घालावे लागले. लेसरही याच जातकुळीतलं. डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते घ्यावं.

तिसरा पर्याय ग्लू, म्हणजे शीर आतून डिंकाने चिकटवणं. त्यात उष्णता नाही, त्या सुया नाहीत, बहुधा मोजेही नाहीत. मे महिन्यात मोह होतो. पण डिंक शरीरात राहतो, काहींना त्यावर लाली आणि खाज येते, शिवाय खर्च जास्त. मी नको म्हटलं.

शीर फार वेडीवाकडी असेल तर तार आत जात नाही, तिथे स्ट्रिपिंगचा विचार होऊ शकतो. उष्णतेनेही नस दुखावू शकते, विशेषतः गुडघ्याखाली. म्हणून डॉप्लरचा (शिरांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: शीर कुठपर्यंत बंद करणार, आणि गुडघ्याखालच्या शिरेच्या फाट्यांचं काय करणार?