जुन्या एसएमपीएसवर नवं ग्राफिक कार्ड: तोच ठेवायचा की बदलायचा?

ग्राफिक कार्ड बदलायचं ठरलं की घरात चर्चा होते ती कार्डाचीच. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, विषय निघतो तो पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात, पैसे देता देता. "किती वॅटचा आहे?" "साडेचारशेचा." "मग चालेल." दुसऱ्या दुकानात त्याच साडेचारशेला "नाही चालणार" असं उत्तर मिळतं. दोन्ही उत्तरं एकाच आकड्यावर दिलेली असतात आणि निर्णयाला तो आकडा पुरत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून एसएमपीएसवरचं स्टिकर नीट वाचा.

मोठ्या अक्षरातले वॅट ही सगळ्या व्होल्टेजची मिळून बेरीज असते. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मात्र जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. स्टिकरवरच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात जे अँपिअर लिहिलेत त्यांना १२ ने गुणा. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट, म्हणजे ४५०चा एसएमपीएस खरोखर ४५०चा आहे. १८ असतील तर २१६ वॅट. मग वर ४५० छापलेलं असो की ५००, तुमच्या कार्डाच्या दृष्टीने तो २१६चाच. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली दोन्हींची मिळून दिलेली मर्यादा धरा.

आता खर्चाची बाजू. आय५-१२४००एफसारखा प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ५० धरा. आरटीएक्स ४०६० चे ११५ मिळवले तर २८२ होतात. त्याच मशीनमध्ये आरटीएक्स ५०७० बसवलं तर त्याचे एकट्याचे २५० वॅट आणि बेरीज ४१७. एकाच साडेचारशेवर पहिलं कार्ड निवांत चालेल, दुसऱ्याला तो पुरणार नाही, कारण हाताशी जागाच उरत नाही.

जुना ठेवून त्याला झेपेल असं कार्ड

एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (हा कार्यक्षमतेचा दर्जा, गोल्ड त्याच्या वरचा), चार-पाच वर्षांच्या आतला असेल आणि त्याला ग्राफिक कार्डाला वीज देणारी ८ पिनची पीसीआय एक्सप्रेस वायर मुळातच असेल, तर मी तो ठेवेन. ४०६० ला एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, त्याने घाबरून जायचं कारण नाही. ती शिफारस पूर्ण मशीनसाठी असते आणि तुमच्याकडे कोणता प्रोसेसर, कोणता एसएमपीएस आहे हे कंपनीला माहीत नसल्यामुळे त्यात भरपूर सैल जागा ठेवलेली असते. चांगला ४५० इथे पुरतो; नावाचा ५५० पुरेलच असं नाही. एएमडीचं आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचं कार्ड आहे आणि त्याला कंपनीच ४५० पुरे म्हणते. ५०६० चे १४५ वॅटही हलक्या प्रोसेसरसोबत बसतात. त्यापुढे १८० वॅटच्या ५०६० टीआयवर गेलात की साडेचारशेवर जागा उरत नाही, आणि पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी बंद कॅबिनेटमध्ये तर मुळीच नाही. गरम हवेत एसएमपीएसची क्षमता घटते, आतले कपॅसिटरही लवकर म्हातारे होतात.

८ पिनची वायरच नसेल तर? मोलेक्स किंवा साटापासून (हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणारे प्लग) ८ पिन करणारं कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतं. कृपया घेऊ नका. साटाची पिन १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनवलेली आहे, ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. पिन वितळते. कंपनीने वायर दिलेली नाही याचा अर्थच हा की तिने तो एसएमपीएस अशा कार्डासाठी बनवलेला नाही.

नवा घेऊन मोठं कार्ड

एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला, बिननावाचा असेल तर कार्ड कुठलंही घ्या, तो आधी बदला. पैसे मोजकेच असतील तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण हा खर्च टाळू नका. मोठ्या कार्डाचा प्रश्न निव्वळ सरासरी वॅटचा नसतो. कार्ड क्षणभरासाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ, आपल्या आकड्याच्या दुप्पट वीज ओढू शकतं. ३०८० च्या पिढीत चांगले एसएमपीएसही याच झटक्यांनी ट्रिप होत होते. म्हणून २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अट घातली गेली. आज नवा घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या. ५०७० साठी ६५०, ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटीसाठी ७५०.

ब्राँझ की गोल्ड, हा प्रश्न हमखास येतो. मशीन आत ३०० वॅट वापरत असेल तर ८५ टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून ३५३ वॅट जातात, ९० टक्क्यांना ३३३. रोज चार तास खेळलात तर महिन्याला सुमारे अडीच युनिटचा फरक. बिलासाठी गोल्डचे पैसे देऊ नका. लांब वॉरंटी आणि शांत पंख्यासाठी द्यायचे तर जरूर द्या. आणि ७५०चा घेतला म्हणून बिल वाढणार नाही, हेही घरी सांगून ठेवा. मशीन लागतील तेवढेच वॅट घेतं.

जुन्याच्या सुट्या वायरी नव्याला लावू नका. मॉड्युलर वायरींची एसएमपीएसकडची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते; प्लग बसतो आणि आतलं सगळं जळतं. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एकाच वायरीचे दोन फाटे न लावता दोन स्वतंत्र वायरी ओढा.

कंपनीतून निघालेला डेल किंवा एचपी

आयटी कंपन्यांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप पुण्यात खूप विकले जातात आणि विद्यार्थ्यांना ते परवडतात. त्यांचा एसएमपीएस बहुतेकदा वेगळ्याच आकाराचा आणि वेगळ्या प्लगचा असतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही. इथे निवड सरळ आहे: मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं कार्ड. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटचं आहे आणि त्याला वेगळी वायर लागत नाही. ८ जीबीचं मॉडेल १३० वॅटचं आहे. नाव तेच, त्यामुळे बिल करताना नीट बघा. आरएक्स ६४०० तर ५३ वॅटचंच, पण त्याला चारच लेन (मदरबोर्डशी डेटाची ये-जा करणाऱ्या वाटा) असल्याने जुन्या मदरबोर्डवर ते मागे पडतं. छोट्या कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीचं मॉडेल मागा.

तिन्ही पर्यायांत एक खर्च धरायचा राहून जातो, तो यूपीएसचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणून घरात ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो साधारण ३६० वॅट देतो. ४०६० चं मशीन आणि मॉनिटर मिळून खेळताना त्याच्या काठावर पोचतात, ५०७० चं मशीन तो काठ ओलांडतं. वीज जाताच मशीन बंद पडलं की दोष नव्या एसएमपीएसला दिला जातो. मोठं कार्ड घेणार असाल तर ११०० व्हीएच्या यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर मशीन थेट चांगल्या अर्थिंगच्या प्लगवर लावा. पेठांतल्या जुन्या घरांत ते अर्थिंगही आधी वायरमनकडून तपासून घ्या.