पीएस५चं वाय-फाय, घोडबंदर रोडच्या भिंती आणि राउटरमधला 'ऑटो'

पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल) घरी आल्यावर महिन्याभरात त्याच्या वाय-फायला दोन तारे दिले होते. आता चार करतोय. हे तारे एकट्या कन्सोलला नाहीत. कन्सोल आणि इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर फुकट लावून दिलेला राउटर, अशा जोडीला आहेत. पाचवा तारा राउटरने खाल्ला आणि तो त्याला परत मिळायची चिन्हं नाहीत.

लोडिंग, ग्राफिक्स, कंट्रोलरची थरथर यावर सगळं लिहून झालंय, त्यामुळे इथे फक्त नेटवर्क. टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये २०० एमबीपीएसचा प्लॅन आणि आतल्या बेडरूममधल्या कन्सोलवर जेमतेम २०, ही तक्रार ठाण्यात नवीन नाही. १०० जीबीचा गेम २००च्या वेगाने सव्वा तासाच्या आत उतरतो; २०च्या वेगाने अकरा तास लागतात. बिल मात्र २००चंच येतं.

लक्षणं ठरलेली असतात. दुपारी सगळं ठीक, रात्री नवानंतर पार्टी चॅट (खेळताना मित्रांशी चालणारं बोलणं) तुटायला लागतं. मध्येच कनेक्शन मिनिटभर जातं, आपोआप परत येतं, पण आल्यावर वेग पूर्वीच्या पावपट. आणि घरातला कोणीतरी हमखास म्हणतो, "माझ्या फोनवर तर मस्त चालतंय." या वाक्याला फार किंमत देऊ नका. फोन हातात असतो, माणूस दाराकडे सरकला की तोही सरकतो. कन्सोल टीव्ही युनिटच्या खणात, मागे भिंत आणि समोर टीव्हीचा धातूचा पत्रा, असा कोंडलेला असतो.

आता भिंतीच. घोडबंदर रोडच्या मानपाडा ते कासारवडवली पट्ट्यातले बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्या ओततात, आत सळयांची जाळी. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची विटांची भिंत ५ गिगाहर्ट्झच्या (वाय-फायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी वेगवान, पण भिंतींपुढे दुबळ्या) लहरींना अडखळवते; मायवानची भिंत त्यांना जवळपास गिळते. अशा दोन भिंती मध्ये आल्या की ५ गिगाहर्ट्झचं काम संपलंच. त्यात फायबर घरात शिरतं मुख्य दाराच्या वरून, आणि लाइनमनची वायर जिथे संपते तिथे, म्हणजे चपलांच्या कपाटावर, राउटर टांगला जातो. घराचा सगळ्यात वाईट कोपरा तोच.

तरी दोषाचं निदान अंदाजाने करू नये. सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस, टेस्ट इंटरनेट कनेक्शन. ही चाचणी टप्प्याटप्प्याने जाते आणि कुठे अडकते त्यावरून दोष कुणाचा ते कळतं. आयपी पत्ताच मिळाला नाही तर भांडण कन्सोल आणि राउटर यांच्यात आहे: पासवर्ड, मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी), किंवा राउटरमध्ये डीएचसीपीचे (उपकरणांना आपोआप वाटायचे) पत्ते संपलेले. वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारची ठेवली असेल तर घरातल्या जुन्या पीएस४ला नेटवर्क दिसूनही जोडता येत नाही, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. आयपी मिळाला पण इंटरनेट नाही, तर उठून राउटरवरचा एलओएसचा (फायबरचा सिग्नल गेल्याचा) दिवा बघा. लाल असेल तर फायबर तुटलंय किंवा कपाटाच्या दारात दुमडलंय, कन्सोलला हात लावू नका. इंटरनेट आहे पण पीएसएनचं (सोनीच्या ऑनलाइन सेवेचं) साइन-इन अडतंय, तर आधी पीएसएन सुरू आहे ना ते बघा. जोडणी पीपीपीओईची (राउटरमध्ये कंपनीचं युजरनेम-पासवर्ड टाकावं लागणारी) असेल तर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या पाकिटाचा आकार) ऑटोमॅटिकवरून १४९२ करून पाहा. सगळे टप्पे पार पडतात आणि वेगच मिळत नाही, ही चौथी तऱ्हा, आणि डोकं खाणारी तीच.

तिथे पहिलं काम म्हणजे कन्सोल उचलून राउटरपाशी नेणं आणि छोट्या लॅन केबलने जोडणं. प्लॅनचा वेग आला तर कंपनीची लाइन निर्दोष, वाय-फाय दोषी. केबलवरही आला नाही तर पुढचं काही करू नका, तक्रार टाका. कन्सोलच्या चाचणीतला आकडा वरखाली होतो, म्हणून एखादा मोठा गेम पाच मिनिटं उतरवून पाहिलेला बरा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो 'ऑटो'. राउटरमध्ये तो तीन ठिकाणी दबा धरून बसलेला असतो आणि तिन्ही ठिकाणी गेमिंगला नडतो.

पहिला ऑटो म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव देणं. कोणतं उपकरण कुठल्या पट्ट्यावर बसवायचं ते राउटर ठरवणार. एकदा काही कारणाने कन्सोल २.४वर घसरला की तिथेच मुक्काम. राउटरच्या पानावर (बहुतेक १९२.१६८.१.१, पासवर्ड खालच्या स्टिकरवर) जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली की कन्सोल कुठल्या पट्ट्यावर आहे ते दिसतं. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. ते जमत नसेल तर पीएस५मध्येच सोय आहे, पण ती सहज नजरेस पडत नाही: सेट अप इंटरनेट कनेक्शनमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर जाऊन कंट्रोलरचं ऑप्शन्स बटण दाबायचं, वाय-फाय फ्रिक्वेन्सी बँड्समध्ये ऑटोमॅटिक काढून ५ गिगाहर्ट्झ निवडायचं. पहिल्या पिढीच्या पीएस४वाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यात ५ गिगाहर्ट्झ नाहीच, स्लिम आणि प्रोमध्ये आला.

दुसरा ऑटो चॅनेलचा, म्हणजे पट्ट्यातल्या मार्गिकेचा. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. टॉवरमध्ये वरखालचे, शेजारचे मिळून पंचवीस-तीस राउटर त्या तिघांवर दाटीवाटीने बसलेले; नवानंतर सगळे घरी आले की काय होणार ते सांगायला नको. इथे चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली तर शेजाऱ्यांची वाट लागते आणि आपलीही.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण मेख वेगळी आहे. चॅनेल ५२ ते १४४ हा भाग रडारबरोबर वाटून घ्यावा लागतो, त्याला डीएफएस म्हणतात. या भागात शिरण्याआधी राउटरने निदान ६० सेकंद गप्प बसून रडारचा कानोसा घ्यायचा, रडारसारखं काही ऐकू आलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा नियम आहे. खरं रडार असायलाही हवं असं नाही, राउटर भलत्याच गोंगाटाला रडार समजतात. मधल्या काळात ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीतून गायब होऊ शकतं. कन्सोल बिचारा २.४ पकडतो आणि तिथेच राहतो. मिनिटभराचं जाणं आणि परत आल्यावर पावपट वेग, या जोडलक्षणाचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो.

उपाय फुकटचा आहे. ऑटो काढा आणि चॅनेल ३६ किंवा १४९ पक्का करा. ८० मेगाहर्ट्झ रुंदीत डीएफएसबाहेरचे गट दोनच, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. शेजाऱ्यांचे राउटर कुठे जास्त आहेत ते फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये बघून उरलेला घ्या.

तिसरा ऑटो रुंदीचा. काही राउटर ऑटोमध्ये १६० मेगाहर्ट्झवर जातात. ३६ पासून १६० मेगाहर्ट्झ रुंदी घेतली की ती ६४ पर्यंत पसरते, म्हणजे अर्धा भाग परत डीएफएसमध्ये. चॅनेल ३६ पक्का करूनही त्रास सुरू असेल तर हेच तपासा. ८० पुरे.

(याहून वरचा, ६ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा आपल्याकडे २०२४मध्ये वाय-फायला खुला नव्हता. २०२४च्या नोव्हेंबरात पीएस५ प्रो बाहेर आला तेव्हा भारत विक्रीच्या देशांच्या यादीतच नव्हता, त्याचं कारण तेच सांगितलं गेलं. ज्यांनी परदेशातून मागवायचा घाट घातला होता त्यांनी हे लक्षात घेतलं होतं का, देव जाणे.)

इतकं केल्यावर वेग २० वरून शंभरीच्या पुढे जातो आणि मी इथे तीन तारे केले होते. मग कंपनीच्या बाजूने रात्रीत नवं फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) ढकललं जातं आणि सकाळी दोन्ही पट्ट्यांचं नाव पुन्हा एक, चॅनेल पुन्हा ऑटो! फुकटच्या राउटरचा ताबा टीआर-०६९ नावाच्या दूरनियंत्रणाच्या सोयीतून कंपनीकडे असतो, तुम्ही फक्त भाडेकरू. कस्टमर केअरचं उत्तर पाठ झालंय: "सर, राउटर एकदा रिस्टार्ट करून बघा ना." रिस्टार्टने खरंच बरं वाटतं, कारण ऑटो नव्याने चॅनेल निवडतो आणि काही तास नशीब चालतं. तेवढ्यात तक्रार 'सोडवली' म्हणून बंद. तक्रार टाकताना 'नेट स्लो आहे' लिहू नका. केबलवरचा वेग, वाय-फायवरचा वेग, वेळ आणि 'सेटिंग आपोआप बदलतं' असं लिहा आणि थेट ब्रिज मोड मागा, म्हणजे कंपनीचा डबा फक्त लाइन पुढे देतो आणि राउटरचं काम आपला राउटर करतो. दिला तर आपला राउटर आपल्या ताब्यात. नाही दिला तर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वाय-फाय देण्यापुरता) टाका, कंपनीच्या राउटरचं वाय-फाय बंद करा आणि लॅनमधून लॅनमध्ये जोडा. राउटरमागे राउटर तसाच लावला तर दुहेरी नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलण्याचं काम दोनदा) होतं आणि कन्सोलवर नॅट टाइप ३ (सगळ्यात अडवणारा प्रकार) दिसून मित्रांच्या लॉबीत शिरता येत नाही.

नॅट टाइप ३ एकच राउटर असतानाही दिसत असेल तर राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तो सीजीनॅटचा पत्ता, म्हणजे एकच खरा पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. मग पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून कन्सोलपर्यंत वाट उघडून द्यायचे) व्हिडिओ बघत रात्र घालवू नका, उपयोग शून्य. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (आपला एकट्याचा, न बदलणारा पत्ता) घेणं एवढाच मार्ग, आणि तोही मित्रांशी जोडणी खरंच अडत असेल तरच. डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून डाउनलोड दुप्पट होतं म्हणणाऱ्यांना नमस्कार.

एक्स्टेंडरबद्दल (वाय-फाय पुढे पोचवणाऱ्या डब्याबद्दल) विचारणारे बरेच आहेत. स्वस्तातला एक्स्टेंडर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर परत बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, आणि त्याचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचं असतं. मेश (घरभर ठेवलेले, एकाच नेटवर्कचे दोन-तीन डबे) चांगली, पण मायवानच्या भिंतीत तिचे दोन डबेही एकमेकांशी वाय-फायनेच बोलणार असतील तर हजारो रुपये त्याच भिंतीवर आपटायचे.

त्यापेक्षा कॅट ६ची केबल. चौथा तारा तिचा. बिल्डरने बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा फोनचा पॉइंट दिलेला असतो आणि त्याची पाइप भिंतीतून दाराजवळच्या डक्टपर्यंत जाते. इलेक्ट्रिशियनकडून स्प्रिंग टाकून त्यातून केबल ओढून घ्या. लाइटच्या वायरींच्या पाइपमधून मात्र ओढू नका. केबल शुद्ध तांब्याची मागा. दुकानात सीसीए म्हणून जी स्वस्त देतात तिच्या तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात, कनेक्टरपाशी वाकल्या की तुटतात. क्रिम्पिंगचा (कनेक्टरमध्ये तारा दाबून बसवण्याचा) क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १००० एमबीपीएसला आठही तारा लागतात. एखादी नीट बसली नाही तर लिंक बऱ्याचदा बिनबोभाट १००वर येते आणि वेग ९४-९५ला अडकतो. हा आकडा दिसला की कनेक्टर कापून नवा लावा. तोच आकडा राउटरचं पोर्ट फास्ट इथरनेटचं (१०० एमबीपीएसचं) असेल तरीही दिसतो. काही फुकट राउटरांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतं, त्यावर बारीक अक्षरात 'जीई' लिहिलेलं असतं. पीएस५चं पोर्ट गिगाबिटच आहे.

केबल शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, तर कन्सोल निदान खणातून बाहेर काढा. आणि २.४वरच राहावं लागत असेल तर मागे लावलेली यूएसबी ३ची हार्ड डिस्क लांब ठेवा. यूएसबी ३चा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. वाय-फाय मंदावतं आणि कंट्रोलरचं ब्लूटूथही त्याच पट्ट्यावर असल्याने बटणं उशिरा लागल्यासारखी वाटतात. चांगल्या कवचाची केबल आणि दीड-दोन फुटांचं अंतर एवढ्याने फरक पडतो. मायक्रोवेव्हही तिथलाच, पण तो निदान दोन मिनिटांत थांबतो.

शेवटचं म्हणजे लाइट. पावसाळ्यात क्षणभर गेली तरी राउटर बंद पडून फायबरवर परत यायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्याआधी कन्सोल सुरू केला तर तो एरर दाखवणारच. सेटिंग्ज उचकू नका, थांबून पुन्हा चाचणी घ्या. राउटरला मिनी यूपीएस लावताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या राउटरला १ अँपिअरचा यूपीएस लावला की तो लाइट असतानाही अधूनमधून रिस्टार्ट होतो, आणि खापर पुन्हा वाय-फायवर फुटतं.