फोंड्यातला रविवारचा गणिताचा क्लास: आगगाड्यांसाठी तरी जाच

रेल्वेच्या एनटीपीसी या भरती परीक्षेची तयारी करतेय. पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न, आणि उत्तर चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. त्यामुळे ‘दोन गाड्या समोरासमोर’ असं दिसलं की मी तो प्रश्न सोडूनच द्यायचे. गोव्यात, फोंड्याच्या कदंब बस स्टँडजवळच्या या क्लासने ती भीती घालवली.

सर सूत्र शेवटी देतात. आधी विचारतात, ‘करमळी स्टेशनात क्रॉसिंगला, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, आपली गाडी थांबलीय, खिडकीतून काय दिसतं?’ कोकण रेल्वेवर बहुतेक ठिकाणी एकेरी मार्ग, त्यामुळे हे सगळ्यांनीच पाहिलेलं. मग म्हणतात, आता आपलीही गाडी चालू करा, पण मनात ती थांबलेलीच ठेवा. तिचा वेग समोरच्या गाडीला देऊन टाका. १२० मीटरची गाडी ताशी ५४ किमी, १८० मीटरची ३६ किमी. समोरासमोर असतील तर बेरीज ९०, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दोन्ही गाड्यांची लांबी मिळून ३०० मीटर, त्याला १२ सेकंद. एकाच दिशेने असतील तर फरक १८, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तेच ३०० मीटर पार करायला अख्खं मिनिट. ताशी किमीचे सेकंदाला मीटर करताना पाच अष्टमांश की पाच अठरांश, हा माझा कायमचा गोंधळही तिथेच मिटला: एका तासाचे सेकंद ३६००, किलोमीटरचे मीटर १०००, हजाराला ३६०० ने भागा की ५/१८ येतं.

मला सगळ्यात आवडलं ते बार्जचं गणित. मांडवी नदीत एक बार्ज, म्हणजे मालवाहू बोट, प्रवाहाबरोबर येतोय, दुसरा प्रवाहाविरुद्ध जातोय. संथ पाण्यात वेग १० आणि ८, प्रवाह ३. एकाचा १३, दुसऱ्याचा ५, बेरीज १८. म्हणजे १० अधिक ८ च! दोघांची गाठ कधी पडेल एवढंच विचारलं असेल, तर प्रवाहाकडे बघायचीही गरज नाही. हे मला आजवर कोणीच दाखवलं नव्हतं.

बॅच मोठी आहे, मागे बसलात तर फळा नीट दिसत नाही. फी इतरांसारखीच.

तक्रार एकच, पण महत्त्वाची. सरावाच्या छापील कागदावर, १२० मीटरच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला समोरची गाडी ओलांडायला किती वेळ लागेल, याचं उत्तर १२ सेकंद दिलंय. प्रवाशाला लांबी नसते. फक्त १८० मीटर धरायचे, उत्तर ७.२ सेकंद. सरांनी फळ्यावर दुरुस्त केलं, पण नव्या मुलांना अजून तोच कागद मिळतोय. तो बदला, प्लीज.