गुडघ्याचा फिजिओ: पाचपैकी चार, एक गुण जिन्यापायी गेला

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अंगाला एक फिजिओथेरपी सेंटर आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे आणि मॅडम भल्या आहेत.

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर. केळघरच्या घाटात उभ्यानं तिकिटं फाडली. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी उजवा गुडघा बोलायला लागला. सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेला, मग मोकळा. जिना उतरताना मात्र कटकट वाजायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, वंगण संपलं. डेपोत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मग वंगणच विकत घेत सुटलो. टीव्हीवरचं तेल झालं, ‘गादी भरून आणणारी’ पावडर झाली, सहा महिने ग्लुकोसामाइनच्या गोळ्या झाल्या. नऊ हजार गेले, गुडघा होता तिथंच.

सेंटरमध्ये पहिल्या दिवशी मॅडमनी (वयानं माझ्या धाकटीएवढ्या) एक्स-रे खिडकीकडे धरला आणि विचारलं, “काका, झोपवून काढला का?” हो म्हटलं. उभं राहून नवा काढून आणायला लावला. आधीच्यात दोन हाडांमधली फट ठीक दिसत होती, नव्यात आतल्या बाजूची जवळजवळ मिटलेली. कूर्चा, म्हणजे आपण गादी म्हणतो ती, एक्स-रेत दिसतच नाही. फटीवरून तिचा अंदाज करायचा. हाडांच्या कडाही वाढल्या होत्या. झिजेची ग्रेड तिसरी, चारपैकी.

पुढचं मला फार आवडलं. त्यांनी बेसिनवरचा भांडी घासायचा स्पंज घेतला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, दाबला, सोडला. दाबला की मळकं पाणी बाहेर, सोडला की स्वच्छ आत. “गादीत रक्तवाहिन्या नाहीत काका. तिचं जेवण सांध्यातल्या पाण्यातून येतं, ते असं दाब पडून सुटला तरच. तुम्ही दुखतं म्हणून दिवसभर खुर्चीत बसलात तर ती उपाशी.” गादीत दुखणं कळवणाऱ्या नसाही नाहीत, म्हणून झीज सुरू होते तेव्हा काही कळत नाही. दुखायला लागतं ते सांध्याचं अस्तर सुजल्यावर आणि खालच्या हाडावर भार आल्यावर. सुजेतून जे रस सुटतात ते उरलेली गादी आणखी पोखरतात. आणि एकदा गेलेली गादी भरून आणणारी पावडर अजून निघालेली नाही, हेही त्यांनी हसत सांगितलं. ग्लुकोसामाइनचा २००६ साली अमेरिकेत दीड हजारांवर लोकांवर अभ्यास झाला, तेव्हा सगळ्यांचा मिळून हिशेब केल्यावर ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही म्हणे. माझे नऊ हजार आठवले.

व्यायाम बघायला गेलं तर पोरखेळ. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे थांबायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं. तिसऱ्या आठवड्यात घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की धक्का तो झेलतो. काठीसुद्धा मी उलटी धरत होतो: उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात.

वजन ८४ होतं, ७९ वर आणलं. एक किलो घटलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो. पाच चोक वीस. म्हणजे हाफ तिकिटाचं एक पोरगं मी पावलापावलाला उचलत होतो, ते उतरवलं.

बारा सिटिंगचे ४,२०० रुपये झाले. आता राजवाड्यापर्यंत न थांबता जातो. मांडी घालून मात्र बसवत नाही, ते सोडलं. पंगतीत खुर्ची मागायची लाज सुरुवातीला वाटली.

सेंटरवर विश्वास बसला तो शेजारच्या वहिनींमुळे. माझं बघून त्याही आल्या. बोटांची मधली पेरं दोन्ही हातांना सुजलेली, सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नाही. त्यांना व्यायाम लावून पैसे घेता आले असते. मॅडमनी तसंच माघारी पाठवलं: “हे झिजेचं नाही, आमवातासारखं दिसतंय. आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा.” तसंच निघालं. त्यात शरीर आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उलटतं आणि सुजलेलं अस्तर गादी आणि हाड दोन्ही खातं. नुसत्या व्यायामानं ते थांबत नाही. वहिनींना आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेट सुरू आहे आणि अधूनमधून रक्ततपासणी.

आता तक्रार. गुडघ्याचं सेंटर पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. कठडा एकाच बाजूला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा धडा मला याच जिन्यावर मिळाला, पण पेशंटला तो आत शिकवावा, दारात नव्हे. घरी करायच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत, तोही झेरॉक्सची झेरॉक्स. मी मागे मराठीत लिहून घेतला. आणि पाचची वेळ म्हणजे साडेपाच धरा.

सोमवारी बंद. टेरिकॉटची पॅन्ट घालून जाऊ नका, पाय वर होत नाही.